डाव्या बाजूची जागा

पपनस टोपलीतून घरंगळलं, हे मिएनने पाहिलंच नव्हतं. बाजाराच्या गल्लीतून ती परत येत होती. एका हातात नाळीच्या भाजीची जुडी, दुसऱ्या हातात टोफूची ओली पिशवी, आणि डोक्यात दुपारच्या सरावाला कोणत्या मुलीला कुठे उभं करायचं याचा घोळ. समोरून एक स्कूटर हॉर्न वाजवत अंगावर आली, ती भिंतीकडे सरकली, आणि तेवढ्यात तिचा डावा पाय आपला आपण बाहेर गेला. तळव्याखाली काहीतरी गोल, थंड, जड येऊन थांबलं. खाली पाहिलं तेव्हा कळलं की ते पपनस आहे, आणि मागे फळवालीची सायकल कलंडली आहे. फळाच्या देठाला दोन पानं होती. त्यातलं एकही मोडलं नव्हतं. "अगं बाई, पाय आहे का हात!" फळवाली हसत सुटली. "फुटबॉल खेळतेस की काय?" "खेळायचे," मिएन म्हणाली. "तरीच! आमचे हे एक सामना सोडत नाहीत टीव्हीवर. पुरुषांचे, हं." मिएनही हसली, पपनस उचलून दिलं आणि चालू लागली. पाच-सहा पावलं गेल्यावर तिला पुढे चालवेना. विजेच्या मीटरांच्या पेट्या लावलेल्या भिंतीशी ती थांबली. हॅनॉयच्या हिवाळ्यातली ती राखाडी सकाळ होती, गल्लीत कोणी तरी कोळशाची शेगडी पेटवली होती आणि धूर खालीच रेंगाळत होता. मिएनला वाटलं, धुरानेच होत असेल. पण तसं नव्हतं. सतरा वर्षं तिने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की त्या दिवशी पाय आपोआप गेला. आज पाय खरोखरच आपोआप गेला होता, आणि तो कसा जातो ते तिने पाहिलं होतं. हलका गेला होता. पान न मोडता गेला होता. त्या दिवशी तो असा गेला नव्हता.

खोलीवर येऊन तिने भाजी पाण्यात टाकली आणि खाटेवर बसून राहिली. क्लबच्या वसतिगृहातली ही खोली तिला मुलींची प्रशिक्षक झाल्यावर मिळाली होती. खेळाडू असताना ती याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, आठ जणींच्या खोलीत राहिली होती. वरच्या खाटेवर ती, खालच्या खाटेवर लुआ. दोघी एकाच वर्षी आल्या, तेरा वर्षांच्या असताना, नदीच्या एकाच बांधावरच्या दोन गावांतून. आल्या त्या आठवड्यात दोघी रडल्या त्याही एकाच वेळी, कारण एकीने सुरुवात केली की दुसरीला थांबवत नसे. लुआचा डावा पाय देवाने दिलेला होता. ती चेंडूला मारायची नाही, त्याला वाटेला लावायची. मिएन मूळची उजव्या पायाची. प्रशिक्षक तोआन सर म्हणाले, संघाला डाव्या बाजूचा बचाव लागतो, तेव्हा तिने भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारमारून तो पाय शिकवला. दोन वर्षं. अंगठ्याची नखं दोनदा गळून पडली. लुआ खालच्या खाटेवरून तिच्या पायांना औषधी दारू चोळायची आणि म्हणायची, "मिएन, तुझा हा पाय म्हणजे सावत्र मूल आहे बघ. कामं सगळी करतं, पण तुला आई म्हणत नाही." खोली हसायची. सगळ्यांत मोठ्याने न्याइ हसायची. न्याइ मधल्या फळीत खेळे, हाडापेराने दांडगी, तोंडाने फटकळ, मैदानावर सगळ्यांत जास्त पिवळी कार्डं तिची. सर म्हणायचे, "न्याइला म्हैस म्हणून गावी पाठवली असती तर चार शेतं नांगरून झाली असती." न्याइ म्हणायची, "पाठवा की सर. म्हशीला निदान पहाटे पाचला धावायला लावत नाहीत."

एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाची निवड आली. सरांनी सगळ्यांना मैदानावर बसवून सांगितलं की आपल्या क्लबातून डाव्या बाजूसाठी एकच नाव जाईल. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी लुआकडे पाहिलं. त्याच आठवड्यात मिएनच्या आईचा फोन आला. बुटांच्या कारखान्यात भरती आहे, मी तुझं नाव घातलंय, फुटबॉल काय जन्मभर खेळणार आहेस का, काळे पाय घेऊन फिरतेस, तुला कोण करून घेणार. आई रागावून बोलत नव्हती, तेच वाईट होतं. थकून बोलत होती. मिएन एकदा त्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली होती. पाळी सुटली तेव्हा एकाच निळ्या रंगाचे शर्ट घातलेल्या शेकडो मुली बाहेर आल्या होत्या आणि सगळ्यांच्या बोटांना एकच डिंकाचा वास होता. तो वास त्या आठवडाभर तिला ताटातल्या भातालाही येत होता. लुआला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लुआ म्हणाली असती, अगं मग तूच जा, मी सरांना सांगते पाय दुखतोय म्हणून. तशीच होती ती. आणि ते ऐकून घ्यायची मिएनची तयारी नव्हती. आता खाटेवर बसल्या बसल्या तिला वाटलं, हे तरी खरं आहे का? का ऐकून घेतलं असतं तर मग काही करायचं उरलंच नसतं, म्हणून सांगितलं नाही?

गुरुवार होता. शेवटचा सराव सामना. लुआ पिवळ्या बाजूला, मिएन आणि न्याइ लाल बाजूला. कॉर्नरवरून चेंडू आला, कोणाच्या तरी डोक्याला लागून खाली पडला, उसळला, आणि लुआने तो पाठमोरी राहून छातीवर घेतला. समोरून न्याइ धावत आली. मागून, जरा आतल्या बाजूने, मिएन. इथपर्यंत तिला नेहमीच सगळं स्वच्छ आठवत असे. इथून पुढे ती स्वतःला धुकं दाखवायची. आज धुकं नव्हतं. लुआने चेंडू डावीकडे ढकलला होता. तो गेला होता, चांगला हातभर गेला होता, आणि मिएनने तो जाताना पाहिला होता. लुआचं सगळं वजन डाव्या पायावर होतं, गुडघा जरासा वाकलेला, मोज्यावर सुकलेल्या चिखलाचा एक डाग. मिएनने त्या डागाकडे पाहिलं होतं. चेंडूकडे नाही. आवाज फार लहान झाला, शेंग मोडावी तेवढा. तिघी एकमेकींवर पडल्या. लुआ ओरडली नाही. उठून बसल्यासारखी झाली आणि आपल्या पायाकडे बघू लागली, जणू तो तिथे कोणी तरी विसरून गेलं आहे. मग ओरडली. न्याइ दोन्ही हात वर करून उभी होती. "न्याइ! पुन्हा तूच!" सर मैदानाच्या त्या टोकापासून ओरडत आले. "सर, मी चेंडूला गेले होते, मी तर..." न्याइ म्हणाली, आणि तिने मिएनकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात आरोप नव्हता. नुसता प्रश्न होता, की काय झालं गं? मिएन खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

न्याइला वर्षभरासाठी बाहेर बसवलं. दोन महिन्यांनी ती स्वतःच सामान घेऊन निघून गेली. कोणी दारापर्यंत सोडायला गेलं नाही. मिएनचं नाव निवडीला गेलं. हॉस्पिटलात ती लुआला संत्री घेऊन भेटायला गेली तेव्हा लुआने तिच्या हातातलं संत्रं सोलून अर्धं तिलाच दिलं आणि म्हणाली, "जागा परक्या कोणाला गेली नाही, हे बरं झालं. दोघींचं मिळून खेळ." ते संत्रं मिएनने खाल्लं. बिया गिळल्या, कारण थुंकायला उठावं लागलं असतं. त्यानंतर अकरा वर्षं ती डाव्या बाजूला खेळली. सवयीने खेळता येतं. रिकाम्या स्टँडांपुढे खेळली, जिथे फुकट सोडलेले शंभरएक म्हातारे शेंगा सोलत बसायचे. पांढऱ्या चड्डीची धास्ती घेऊन पाळीच्या दिवसांत खेळली. परदेशांत तीन पदकं घेतली. विमानतळावर गळ्यात हार पडले, गावी लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं, आईने फोटो वडिलांच्या तसबिरीशेजारी लावला आणि कारखान्याचं नाव पुन्हा काढलं नाही. लोक म्हणायचे, मिएन शांत खेळाडू आहे, हिला कधी कार्ड मिळत नाही. ते खरं होतं. त्या गुरुवारनंतर ती कधीच कोणावर पाय टाकून गेली नाही. एका उपांत्य सामन्यात ती शेवटच्या क्षणी मागे सरली आणि गोल झाला. वर्तमानपत्रात आलं, वय झालं. लग्न जुळता जुळता दोनदा राहिलं, त्याचं तिला फार वाटलं नाही. लुआकडे जाणं कमी झालं, मग नववर्षाच्या शुभेच्छा फोनवर, मग फोनवर नुसतं एक चित्र. आणि तीन महिन्यांपूर्वी जुन्या खेळाडूंच्या गटावर निरोप आला की न्याइ गेली, यकृताच्या दुखण्याने. मिएनने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग ती सरावाला गेली, त्या दिवशी मुलींशी जरा जास्तच हसली, आणि जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला. का घेतला, ते आज खाटेवर बसून तिला कळलं. पाहिलं असेल तर एकट्या न्याइने, आणि ती गेली होती.

ती उठली. दुपारचा सराव दुसऱ्या प्रशिक्षकावर सोपवला आणि स्कूटर काढली. लुआशी काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. तिला वाटलं, नुसतं जाऊन बसू.

लुआ एका कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. दुकान म्हणजे दोन यंत्रं, कागदांचे गठ्ठे आणि एक उंच स्टूल. त्या स्टुलावर लुआ डावा पाय समोर एका खोक्यावर ठेवून बसलेली होती. जाड झाली होती. केसांत पांढरं आलं होतं.

"अरे देवा! राष्ट्रीय संघ आला!" ती ओरडली. "काय गं, रस्ता चुकलीस का कोणी मेलं?"

"सहज आले."

"सहज! पाच वर्षांत सहज यायला जमलं नाही, आज एकदम सहज. बस. त्या गठ्ठ्यावर बस, शाईचा आहे तो नको, शेजारच्यावर." तिने थर्मासातून चहा ओतला. "बारीक झालीस. मुली जेवू देत नाहीत वाटतं? मी बघ, माझ्या नवऱ्याच्या वाटणीचंपण मीच खाते. तो गेला ना तिकडे, सायगॉनला, त्या केस कापणारीबरोबर. सुखात आहे म्हणे. असू दे."

ती बोलत होती आणि यंत्रातून कागद पडत होते. मिएन चहाचा पेला दोन्ही हातांत धरून तिच्या पायाकडे बघत होती. थंडी म्हणून लुआने गुडघ्याला लोकरीचं काही तरी गुंडाळलं होतं.

"न्याइचं कळलं ना?" लुआ म्हणाली.

"गटावर वाचलं."

"ती आली होती इथे."

"कधी?"

"शरदात. मरायच्या आधी महिना-दीड महिना. मी ओळखलंच नाही. म्हैस म्हणायचो ना आपण, अगं, काही उरलं नव्हतं. पिवळी पडलेली, पोट फुगलेलं. तू बसलीस तिथेच बसली. तैवानला होती म्हणे इतकी वर्षं, म्हाताऱ्यांची उस्तवार करायला." लुआने कागद जुळवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "म्हणाली, लुआ, मला माफ कर. मी म्हटलं, कशाला आता. तर म्हणाली, आधी मला वाटायचं मी नाही केलं. मी चेंडूला गेले होते असंच वाटायचं. पण सगळे म्हणाले, सर म्हणाले, गावात म्हणाले. इतक्या वर्षांनी आता मलाच तो पाय लागल्याचं आठवतं. रात्री माझ्या नडगीला तुझा गुडघा लागतो."

मिएनने पेला खाली ठेवला.

"आणि मी काय केलं माहीत आहे?" लुआ म्हणाली. आवाज आता हसरा नव्हता. "मी म्हटलं, बरं. नुसतं बरं म्हटलं आणि यंत्राकडे तोंड केलं. चहासुद्धा विचारला नाही. ती थोडा वेळ बसली, मग भिंतीला धरून उठली आणि गेली. सतरा वर्षं मी दर पौर्णिमेला देवळात तिला शिव्या घातल्या होत्या गं. एवढ्या शिव्यांनंतर एकदम माफ कसं करतात, ते मला येईना."

"ती नव्हती," मिएन म्हणाली.

"काय?"

"मी होते."

एक विद्यार्थिनी दाराशी आली. तिला प्रबंध बांधून हवा होता. लुआने तो घेतला, भोकं पाडली, काळी सळी ओवली, वरचं प्लास्टिक नीट बसवलं आणि तिला दिला. मुलगी गेल्यावर तिने यंत्र बंद केलं.

"कुठून आलीस?" तिने विचारलं.

"मागून. आतल्या बाजूने."

"चेंडू कुठे होता?"

"चेंडू गेला होता," मिएन म्हणाली. "तू ढकलला होतास डावीकडे. मी पाहिला होता."

लुआने मान हलवली. मैदानावर सर एखादी चाल समजावून देत तेव्हा ती अशीच मान हलवायची. मिएन वाट बघत होती. आता ती ओरडेल, काही तरी फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. लुआ आपल्या हातांकडे बघत राहिली. बोटांच्या पेरांत शाई मुरलेली होती.

"मी तिला चहा विचारला नाही, मिएन," ती म्हणाली. मग खोक्यावरचा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. "स्कूटर आणलीस ना?"

"हो."

"चल. ग्या लामच्या पुढे गाव आहे तिचं. आई आहे अजून."

लुआला स्कूटरवर बसायला वेळ लागला. डावा पाय पुरा वाकत नव्हता, तो बाजूला काठीसारखा बाहेर राहायचा. मिएनने स्कूटर रस्त्याच्या मधोमध ठेवली, कोणी घासून जाऊ नये म्हणून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत शिव्या देत होत्या. नदीवरच्या पुलावर वारा बोचरा होता. खाली लाल गढूळ पाणी संथ चाललं होतं. मिएनला पाठीवर लुआचा श्वास कळत होता. कितीतरी वर्षांपूर्वी दोघी एका सायकलवर अशाच गावी जायच्या, लुआ मागे उभी राहून हात सोडायची आणि गाणी म्हणायची.

"तू माझ्यापेक्षा चांगली होतीस," मिएन मान न वळवता म्हणाली.

"ते मला माहीत आहे," मागून आवाज आला. "ते तुझ्याकडून ऐकायला नाही निघाले मी. पुढे बघ."

न्याइचं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचं छोटं अंगण, अंगणात वाळत घातलेले मुळ्याचे तुकडे. म्हातारी ते उलटसुलट करत बसली होती. लुआ फाटकातून लंगडत आत आली, तशी ती धडपडून उठली. आधी तिने तोंडाकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं.

"लुआ ना तू? ये, ये पोरी, उभी नको राहूस त्या पायाने." ती स्टूल बाहीने पुसू लागली, पुसलेलं पुन्हा पुसू लागली. "एवढ्या लांब आलीस. मीच यायला हवं होतं तुझ्याकडे. माझ्या पोरीने तुझं जे केलं... मला तोंड नव्हतं यायला. तिने मला सांगितलं होतं, आई, मी लुआकडे जाऊन आले म्हणून. काय म्हणाली विचारलं, तर म्हणाली, चहा दिला, हसून बोलली."

लुआ स्टुलावर बसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

आत न्याइची तसबीर होती. लाल जर्सीतली, एकोणिसाव्या वर्षाची, तोंड उघडं, कोणाला तरी काहीतरी खोचक बोलत असतानाची. त्यानंतरचा धड फोटोच नसावा. मिएन उंबऱ्याशी उभी होती. म्हातारी लुआची पुन्हा माफी मागू लागली, वाकून, दोन्ही हात जोडून, आणि मग मिएनला ते बघवेना.

"काकू," ती म्हणाली. "न्याइने काही केलं नव्हतं. पाय माझा होता. मी मुद्दाम घातला होता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

म्हातारीला पहिल्यांदा समजलं नाही. तिने लुआकडे पाहिलं. लुआने मान हलवली. म्हातारी सावकाश सरळ झाली. मुळ्याचा एक तुकडा तिच्या हातात होता, तो तिने सुपात टाकला.

"तू किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस."

"तीही एकोणीसचीच होती."

मिएनला वाटलं, आता ही रडेल, आणि आपण काय करायचं? म्हातारी रडली नाही. ती पुढे आली आणि तिने मिएनचं मनगट धरलं. बोटं हाडकुळी होती, पण पकड घट्ट होती. तिने मिएनला अंगण ओलांडून फाटकाबाहेर, गल्लीत आणलं.

"इथे सांग," ती म्हणाली.

"काकू..."

"इथले लोक म्हणायचे, मैत्रिणीचा पाय मोडून आली. दोन स्थळं परत गेली. ती तैवानला का गेली, तुला काय वाटतं? सांग."

मिएनने सांगितलं. आवाज घशातच राहिला.

"मला ऐकू नाही आलं. मैदानावर ओरडता ना तुम्ही, तसं सांग."

समोरच्या दारात एक बाई उकळत्या पाण्याच्या घमेल्यापाशी बदकाची पिसं काढत बसली होती. तिने वर पाहिलं. "काय झालं गं आजी? कोण ही?"

"राष्ट्रीय संघातली आहे," म्हातारी म्हणाली. "टीव्हीवर यायची. ऐक ती काय म्हणते. सांग पोरी, तुझं नाव घेऊन सांग."

मिएनने श्वास घेतला. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, दोआन थी मिएन, गाव सांगितलं, आणि मग बाकीचं सांगितलं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. बदकावरचा बाईचा हात थांबला होता. अंगणात लुआ पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

म्हातारीने मनगट सोडलं नाही.

"चल," ती म्हणाली. "अजून चौदा घरं आहेत."